सिरियल किलरचे जुने प्रकरण कसे वाचावे

आधुनिक न्यायवैद्यक शास्त्र येण्यापूर्वीच्या काळातले सिरियल किलरचे एखादे प्रकरण वाचून झाले की वाचक बहुधा दोनपैकी एका निष्कर्षाला येतो. एक तर त्या वेळचे पोलीस अगदीच अकार्यक्षम होते असे त्याला वाटते, नाही तर खुनी असामान्य बुद्धीचा होता असे वाटते. बहुतेक प्रकरणांत हे दोन्ही निष्कर्ष टिकत नाहीत, आणि दुसरा तर अन्यायकारकही आहे, कारण त्यामुळे खुन्याला नसलेले मोठेपण मिळते आणि ज्यांचा जीव गेला त्यांची नावेही कोणाच्या लक्षात राहत नाहीत. तपासाची हकीकत शांतपणे वाचली तर चित्र वेगळे दिसते. खुन्याविषयी पुष्कळ माहिती गोळा झालेली असते, पण ती वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या कचेऱ्यांत आणि वेगवेगळ्या माणसांच्या आठवणीत विखुरलेली असते. ती एका टेबलावर आणण्याची व्यवस्था त्या काळी नव्हती. प्रयोगशाळा नव्हत्या ही अडचण होतीच, पण तिचा क्रम या पहिल्या अडचणीनंतर लागतो. हे ध्यानात ठेवून असे प्रकरण पद्धतशीरपणे कसे वाचावे, याची एक रीत पुढे देत आहे.

आधी तक्ता आखावा

वाचायला सुरुवात करतानाच एक मोठा कागद घ्यावा आणि प्रत्येक मृत्यूसाठी एक ओळ राखावी. मृत्यू कधी झाला, प्रेत कधी व कोणाला सापडले, तो खून आहे असे अधिकृतपणे कधी ठरले, घटनास्थळ कोणत्या पोलिसांच्या हद्दीत होते, प्रेताची तपासणी कोणी केली, जखमा कशा होत्या, संशयिताचे वर्णन कोणी काय दिले आणि मुद्देमाल म्हणून काय जपून ठेवले गेले, एवढे रकाने पुरेसे आहेत. प्रकरणाची गोष्ट ज्या क्रमाने सांगितलेली असते त्या क्रमाने हे रकाने कधीच भरत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचा उपयोग आहे. लेखकाला शेवट माहीत असतो, त्यामुळे तो सगळे खून पहिल्यापासूनच एका माळेत ओवून सांगतो. तपास करणाऱ्या माणसासमोर मात्र ती माळ नव्हती.

असाच तक्ता प्रत्यक्ष तपासात वापरला गेल्याचे एक उत्तम उदाहरण फ्रान्समध्ये आहे. जोसेफ वाशे हा सैन्यातून बाहेर पडलेला माणूस 1894 ते 1897 या काळात फ्रान्सच्या ग्रामीण भागात पायी भटकत होता, आणि रानात एकट्या सापडलेल्या गुराखी मुलांचे व स्त्रियांचे खून करत पुढे जात होता. एका जिल्ह्यात खून झाला की तिथले अधिकारी गावातल्याच कोणावर तरी संशय घेत, कधी त्या माणसाला अटक करत, आणि तोवर वाशे पुढच्या जिल्ह्यात पोहोचलेला असे. तो लपून राहत नव्हता. 1893 मध्ये एका स्त्रीवर गोळी झाडून त्याने स्वतःवरही गोळ्या झाडून घेतल्या होत्या. त्यामुळे त्याचा चेहरा एका बाजूने लुळा पडला होता आणि पाहणाऱ्याच्या तो सहज लक्षात राही. बऱ्याच गावांतल्या लोकांनी त्याला पाहिले होते आणि त्याचे वर्णनही दिले होते. ती वर्णने आपापल्या जिल्ह्याच्या कागदांत पडून राहिली.

1897 मध्ये बेले या गावी एमिल फुर्के नावाचे नवे तपास-न्यायाधीश आले. त्यांनी 1895 मधल्या एका गुराखी मुलाच्या खुनाची बासनात गेलेली फाइल उघडली, इतर जिल्ह्यांतून तशाच खुनांची कागदपत्रे मागवली आणि दोन तक्ते तयार केले. एकात प्रत्येक खुनाच्या जखमा, जागा आणि प्रेत कसे ठेवले होते याचे तपशील होते. दुसऱ्यात निरनिराळ्या ठिकाणच्या साक्षीदारांनी दिलेली संशयित भटक्याची वर्णने होती. दोन्ही तक्त्यांत उभ्या रकान्यांतून तेच ते तपशील खाली येत गेले. फुर्के यांनी ते वर्णन देशभरच्या न्यायाधीशांना पाठवले, आणि उत्तर आले की या वर्णनाचा एक माणूस एका स्त्रीवर हल्ला केल्याबद्दल आमच्याकडे अटकेत आहे. वाशेला त्या हल्ल्यासाठी जेमतेम तीन महिन्यांची शिक्षा झाली होती; फुर्के यांचे पत्र पोहोचले नसते तर तो पुन्हा रस्त्याला लागला असता. पुढे त्याने अकरा खुनांची कबुली दिली आणि 1898 च्या अखेरीस त्याला गिलोटिनवर चढवण्यात आले. या यशात प्रयोगशाळेचा वाटा नगण्य होता. कागद, शाई, टपाल आणि चिकाटी यांवर हा छडा लागला.

मृत्यूला खून कोणी म्हटले, हे शोधावे

तक्त्यातल्या तिसऱ्या रकान्याकडे, म्हणजे खून ठरल्याच्या तारखेकडे, वाचकाने विशेष लक्ष द्यावे. विषप्रयोगाच्या प्रकरणांत मृत्यू आणि ही तारीख यांच्यात अनेक वर्षांचे अंतर पडते, आणि ते अंतर हेच त्या प्रकरणाचे मर्म असते.

इंग्लंडमधल्या मेरी ॲन कॉटनचे प्रकरण या दृष्टीने वाचावे. तिचे पती, मुले, सावत्र मुले आणि निकटचे इतर लोक एकामागून एक वारले. एकूण संख्या एकवीसपर्यंत असावी असा संशय आहे. सोमल (आर्सेनिक हे विष) पोटात गेल्यावर उलट्या, जुलाब आणि पोटात कळा अशी लक्षणे दिसतात, आणि त्या काळी ज्या पोटाच्या तापाने गरीब घरांतली मुले सर्रास दगावत त्याचीही लक्षणे तीच होती. डॉक्टरने दाखल्यावर ताप लिहिला की प्रकरण मिटत असे. ती गाव बदलत राहिली, लग्नागणिक तिचे आडनाव बदलले, आणि त्यामुळे आधीचे मृत्यू माहीत असलेला डॉक्टर पुढच्या मृत्यूच्या वेळी समोर नसे. इथे एक गोष्ट आवर्जून टिपून ठेवावी : सोमल ओळखण्याची जेम्स मार्श यांची रासायनिक चाचणी 1836 पासून उपलब्ध होती. शास्त्र हाताशी होते, पण ती चाचणी करा असे म्हणणारे कोणी नव्हते. 1872 च्या जुलैमध्ये तिचा सावत्र मुलगा वारला तेव्हा गावातल्या टॉमस रायली या अधिकाऱ्याला शंका आली, कारण काही दिवसांपूर्वीच तिने त्या मुलाच्या सांभाळाचे ओझे वाटते असे त्यांच्यापाशी बोलून दाखवले होते. पहिल्या तपासणीत मृत्यू नैसर्गिकच ठरला. पण डॉक्टरने मुलाच्या पोटातले नमुने राखून ठेवले होते, आणि नंतर केलेल्या चाचणीत त्यांत सोमल सापडला. 1873 च्या मार्चमध्ये तिला फाशी झाली. त्या मुलाच्या आधी गेलेल्यांसाठी असा विचारणारा कोणी भेटला नाही.

म्हणून विषाच्या प्रत्येक प्रकरणात मृत्यूच्या दाखल्यावर सही कोणाची होती, आणि त्या माणसाला आधीचे मृत्यू ठाऊक असण्याची शक्यता कितपत होती, हे दोन प्रश्न विचारावेत.

खुनी आणि बळी यांच्यातले नाते तपासावे

खुनाचा तपास पूर्वापार नात्यावर चालत आला आहे. वैर कोणाशी होते, लाभ कोणाला होणार, शेवटचे बोलणे कोणाशी झाले, हे विचारत गेले की बहुतेक वेळा खुनी ओळखीच्याच माणसांत सापडतो. अनोळखी माणसाने केलेल्या खुनात हा धागाच नसतो, आणि जुन्या पोलिसांकडे दुसरा धागा फारसा नव्हता. त्यातच बळी बहुधा अशा लोकांतले असत की ज्यांची चौकशी करायला कोणी येत नसे : रस्त्यावर राहणाऱ्या स्त्रिया, घर सोडून आलेली मुले, मोलमजुरीसाठी भटकणारे लोक. माणूस बेपत्ता झाल्याची फिर्यादच झाली नाही तर तपास कधी सुरूच होत नाही.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या 1888 च्या खुनांबद्दल वाचताना इथे थोडे थांबावे. मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली या पाच स्त्रियांचे खून 31 ऑगस्ट ते 9 नोव्हेंबर या काळात झाले, आणि ते एकाच माणसाने केले असे सामान्यतः मानले जाते. पोलिसांनी काय चुका केल्या आणि त्यांना काय करणे मुळातच शक्य नव्हते, असे दोन वेगळे रकाने करून हे प्रकरण वाचावे.

निकोल्स यांचे प्रेत शवागारात नेल्यावर डॉक्टरने सविस्तर तपासणी करण्याआधीच तिथल्या कामगारांनी कपडे काढून प्रेत धुऊन टाकले, ही चूक. 30 सप्टेंबरच्या पहाटे तासाभराच्या आत दोन खून झाले. त्यांतला एडोज यांचा खून सिटी ऑफ लंडन पोलिसांच्या हद्दीत पडला, तर उरलेले चारही खून मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या. एडोज यांच्या ॲप्रनचा कापलेला, रक्ताने माखलेला तुकडा त्याच रात्री गोल्स्टन स्ट्रीटवर, म्हणजे पुन्हा मेट्रोपॉलिटन हद्दीत सापडला, आणि त्याच्या वरच्या भिंतीवर खडूने ज्यू लोकांचा उल्लेख असलेला मजकूर लिहिलेला होता. सिटी पोलिसांना त्याचे छायाचित्र हवे होते. मेट्रोपॉलिटनचे आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी ज्यूंविरुद्ध दंगल होईल या भीतीने उजाडण्यापूर्वीच तो मजकूर पुसायला लावला. ही चूक म्हणावी की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकतात. वॉरन यांची भीती निराधार नव्हती असे माझे मत आहे, पण मजकूर झाकून ठेवता आला असता.

आता दुसरा रकाना पाहावा. त्या भागात खाटीक पुष्कळ होते आणि अंगावर रक्ताचे डाग असलेला माणूस पहाटे रस्त्याने जाणे ही नित्याची गोष्ट होती. ते रक्त माणसाचे की जनावराचे हे 1888 मध्ये जगातला कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नव्हता. ॲप्रनच्या तुकड्यावरून तो तुकडा कोणाचा हे कळले, पण तो टाकणारा कोण हे कळण्याचा मार्ग नव्हता. बोटांचे ठसे सापडले असते तरी ते कशाशी ताडायचे, असा संग्रहच लंडनमध्ये नव्हता. दोन्ही रकाने भरले की लक्षात येते की एकही चूक झाली नसती तरी हे प्रकरण उलगडलेच असते असे म्हणता येत नाही.

शोधाचे वर्ष आणि वापराचे वर्ष वेगळे लिहावे

जुन्या प्रकरणांवर लिहिणाऱ्यांची सर्वांत मोठी गल्लत इथे होते. एखादे तंत्र अमुक साली शोधले गेले म्हणजे त्या सालापासून पोलिसांच्या हाती आले, असे नसते. वाचकाने तीन तारखा वेगळ्या लिहाव्यात : कल्पना मांडली गेल्याची, पोलिसांनी ती स्वीकारल्याची, आणि साठवलेल्या नोंदींत शोध घेण्याची सोय झाल्याची.

बोटांच्या ठशांचा इतिहास याचे उत्तम उदाहरण आहे. विल्यम हर्शेल यांनी 1858 मध्ये बंगालमधल्या जंगीपूर इथे करारावर हाताचा ठसा घ्यायला सुरुवात केली. 1880 मध्ये हेन्री फॉल्ड्स यांनी गुन्हेगार ओळखण्यासाठी ठसे वापरावेत असे सुचवले. 1892 मध्ये अर्जेंटिनात फ्रान्सिस्का रोहास या स्त्रीने आपल्याच मुलांचा खून केल्याचे दारावरच्या रक्ताळलेल्या ठशावरून सिद्ध झाले. 1897 मध्ये कोलकात्यात ठशांचा विभाग सुरू झाला. त्यामागच्या वर्गीकरणात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचे काम पायाभूत होते, जरी ती पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. स्कॉटलंड यार्डने 1901 मध्ये तसा विभाग काढला. इतके झाल्यावर खुनी सुटायला नको होते असे वाटेल. पण हे वर्गीकरण दहाही बोटांच्या ठशांवर आधारलेले होते. अटकेतल्या माणसाने आपले नाव खोटे सांगितले तर त्याची जुनी नोंद त्यावरून काढता येई. घटनास्थळी सापडलेला एकच ठसा घेऊन ठशांच्या लाखो कार्डांच्या कपाटांतून त्याचा मालक शोधणे मात्र जवळजवळ अशक्य होते. संशयित आधी हाती असला तरच तो ठसा कामाला येई. संगणक आल्यावर ही स्थिती पालटली. 1985 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात खून करणाऱ्या रिचर्ड रामिरेझचा चोरलेल्या गाडीतला ठसा कॅलिफोर्नियाच्या नव्याने सुरू झालेल्या संगणकीय यंत्रणेत घातला, आणि पूर्वी हाताने ज्याला वर्षे लागली असती ते उत्तर काही मिनिटांत मिळाले. कल्पना आणि ही सोय यांत शंभरहून अधिक वर्षे गेली.

रक्ताच्या बाबतीत लुडविग टेस्नोचे प्रकरण अवश्य वाचावे. 1898 मध्ये जर्मनीतल्या लेख्टिंगेन गावात दोन लहान मुलींचा खून झाला. टेस्नो हा फिरता सुतार होता. त्याच्या कपड्यांवर डाग दिसल्यावर तो म्हणाला की हा लाकडाला लावायचा रंग आहे. सुताराच्या कपड्यांवर लाकडाचा रंग असणारच. त्याचे म्हणणे खोडून काढता येईना आणि तो सुटला. 1901 मध्ये र्‍युगेन बेटावर दोन भावांचा तसाच खून झाला, पुन्हा टेस्नो सापडला, आणि त्याने पुन्हा तेच उत्तर दिले. पण त्याच वर्षी पाउल उलेनहुट यांनी माणसाचे रक्त जनावराच्या रक्तापासून वेगळे ओळखण्याची चाचणी प्रसिद्ध केली होती. सशाला विशिष्ट प्राण्याच्या रक्तातले प्रथिन टोचले की सशाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध द्रव्य तयार होते, आणि ते द्रव्य त्याच प्राण्याच्या रक्तात मिसळले तर गढूळ साका बसतो, हे तिचे तत्त्व आहे. उलेनहुट यांनी टेस्नोच्या कपड्यांवरचे डाग तपासले तेव्हा काही डाग माणसाच्या रक्ताचे आणि काही मेंढीच्या रक्ताचे निघाले. खुनाच्या काही आठवडे आधी एका शेतकऱ्याच्या मेंढ्या क्रूरपणे फाडलेल्या सापडल्या होत्या, आणि पळून जाणारा माणूस टेस्नोच होता असे त्या शेतकऱ्याने ओळखले होते. जी सबब तीन वर्षांपूर्वी पुरली होती ती आता पुरली नाही.

शास्त्र अर्धवट असले की काय होते, हेही पाहावे

नवे तंत्र आल्याने तपास सुधारतोच, असे गृहीत धरू नये. सोव्हिएत संघात रोस्तोव्ह परिसरात 1978 पासून स्त्रिया व मुलांचे खून करणाऱ्या आंद्रेई चिकातिलोला 1984 मध्ये पोलिसांनी पकडले होते, आणि त्याच्या पिशवीत सुरी आणि दोरी सापडली होती. त्याचा रक्तगट ए निघाला. घटनास्थळांवरच्या वीर्याच्या नमुन्यांचा गट एबी असल्याचे प्रयोगशाळेने कळवले होते. खुनाच्या संशयातून तो मोकळा झाला. या विसंगतीचे स्पष्टीकरण आजही वादग्रस्त आहे आणि नमुन्याच्या तपासणीतच चूक झाली असावी असे मानणारे बरेच आहेत. त्याला पुन्हा अटक झाली ती 1990 मध्ये, आणि 1992 मध्ये 52 खुनांबद्दल तो दोषी ठरला. त्याच्या पहिल्या खुनाबद्दल अलेक्सांद्र क्रावचेन्को या निर्दोष माणसाला 1983 मध्येच देहदंड देण्यात आला होता.

म्हणून तक्त्यात आणखी एक रकाना ठेवावा : खरा खुनी सापडण्याआधी शिक्षा कोणाला झाली. लंडनमध्ये टिमथी एव्हन्स याला 1950 मध्ये आपल्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी झाली. त्याच्याविरुद्ध सरकारी पक्षाचा महत्त्वाचा साक्षीदार होता त्याच घरात राहणारा जॉन क्रिस्टी. पोलिसांनी त्या घराची झडती घेतली होती, आणि मागच्या बागेत वेलीच्या आधाराला टेकवलेले माणसाच्या मांडीचे हाड त्यांच्या नजरेतून सुटले. क्रिस्टीचे गुन्हे 1953 मध्ये उघडकीस आले. एकदा कोणाला तरी शिक्षा झाली की फाइल बंद होते आणि पुढचा खून नव्या प्रकरणाखाली नोंदला जातो. खऱ्या खुन्याला याहून मोठे संरक्षण दुसरे नाही.

पत्रे, कबुलीजबाब आणि योगायोग

खुन्याने पाठवल्याचे सांगितले जाणारे प्रत्येक पत्र मूळ तक्त्याच्या बाहेर, वेगळ्या कागदावर ठेवावे. इंग्लंडमध्ये पीटर सटक्लिफने 1975 ते 1980 मध्ये तेरा स्त्रियांचे खून केले आणि त्या काळात पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली. त्याच्याबद्दलची माहिती हजारो कार्डांच्या संग्रहात वेगवेगळ्या जागी लावलेली असल्याने एका अधिकाऱ्याला दुसऱ्याची नोंद दिसत नव्हती. त्यात 1979 मध्ये एक ध्वनिफीत आली; बोलणाऱ्याचा उच्चार ईशान्य इंग्लंडचा होता आणि तपासाने ती खरी मानली. सटक्लिफचा उच्चार तसा नव्हता, एवढ्यावरून तो संशयातून वगळला गेला. 1981 च्या जानेवारीत शेफील्डमध्ये गाडीच्या खोट्या नंबर प्लेटमुळे तो सापडला. ती फीत पाठवणारा लबाड माणूस पुढे पाकिटावरच्या लाळेतल्या डीएनएवरून ओळखला गेला आणि 2006 मध्ये त्याला शिक्षा झाली.

कबुलीजबाबांनाही हीच सावधगिरी लागू आहे. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये पीटर क्युर्टनने सुरी, कात्री आणि हातोडा अशी हत्यारे बदलत हल्ले केल्याने हल्लेखोर एकाहून अधिक असावेत असे पोलिसांना वाटत होते, आणि मध्यंतरी एका मनोरुग्णाने त्यांतल्या काही हल्ल्यांची खोटी कबुलीही दिली. अखेर 1930 मध्ये त्याच्या तावडीतून सुटलेल्या एका तरुणीने लिहिलेले पत्र चुकीच्या पत्त्यावर गेले आणि ते उघडणाऱ्या बाईंनी पोलिसांना दिले, तेव्हा त्याचे घर सापडले. प्रकरण योगायोगाने उलगडले असेल तर तसे स्पष्ट लिहावे, आणि तो योगायोग नसता तर पोलिसांच्या हाती काय होते हे त्याखाली नोंदवावे.

शेवटचा रकाना : आज काय उरले आहे

डीएनएमुळे जुनी प्रकरणे पुन्हा उघडतात, पण ती नमुना शिल्लक असेल तरच. इंग्लंडमध्ये कॉलिन पिचफोर्क याच्या गुन्ह्यांच्या तपासात 1986 मध्ये ॲलेक जेफ्रीज यांच्या डीएनए तंत्राचा पहिला परिणाम असा झाला की कबुली दिलेला एक तरुण निर्दोष ठरला; पिचफोर्कला शिक्षा 1988 मध्ये झाली. कॅलिफोर्नियात 1974 ते 1986 या काळातले जोसेफ डिअँजेलोचे गुन्हे वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या टोपणनावांनी ओळखले जात होते. उत्तरेतले बलात्कार आणि दक्षिणेतले खून एकाच माणसाचे आहेत हे 2001 मध्ये डीएनएने दाखवले, आणि दूरच्या नातेवाइकांच्या वंशावळींवरून त्याच्यापर्यंत पोहोचायला 2018 उजाडले. हे शक्य झाले ते त्या काळातले वैद्यकीय नमुने कोणीतरी व्यवस्थित जपून ठेवले होते म्हणून.

व्हाइटचॅपलच्या बाबतीत असा जपलेला नमुना नाही, आणि तरीही डीएनएने खुनी सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या दाव्याचा आधार एडोज यांची म्हणून दाखवली जाणारी एक शाल आहे. पोलिसांनी एडोज यांच्या अंगावरच्या आणि जवळच्या वस्तूंची बारीकसारीक यादी केली होती, आणि त्या यादीत ती शाल नाही. असा दावा समोर आला की प्रयोगशाळेचा अहवाल वाचण्यापूर्वी आपला तक्ता काढावा, मुद्देमालाच्या रकान्यात ती वस्तू आहे का ते पाहावे, आणि असेल तर तेव्हापासून आजपर्यंत ती कोणाकोणाच्या ताब्यात होती, किती हातांनी हाताळली, याची सलग नोंद मागावी. ती नोंद मिळत नसेल तर अहवालातल्या आकड्यांवर वेळ घालवण्याचे कारण उरत नाही.